पोळ्याला पुनव

जाफराबादच्या बद्रीनाथ गिरणीवाल्याला दोन गोष्टी जन्मात जमल्या नाहीत. एक हळू बोलणं, आणि दुसरी चूक दिसल्यावर गप्प बसणं.

पहिलीला गिरणी जबाबदार. उभी हयात पट्ट्याच्या खडखडाटात गेल्यावर माणूस कुणाच्या कानात बोलला तरी ते बसस्टँडावर ऐकू जातं. एकदा त्यानं घरात बायकोला, पुष्पाबाईला, हळूच विचारलं, "पाव्हण्याला जेवायला थांबवायचं का कटवायचं?" तर त्यांचा पाहुणा उठलाच, पण शेजारच्या घरातला पाहुणाही पिशवी घेऊन निघाला.

दुसरीला टीव्ही जबाबदार. गिरणीच्या कोपऱ्यात टीव्ही टांगलेला होता, पण जात्याच्या आवाजात त्याचं एक अक्षरही ऐकू येत नसे. आवाज नसला की डोळा मोकळा राहतो. सगळं गाव नायिकेचं रडणं ऐकायचं, तेव्हा बद्रीनाथ तिच्या कानातलं बघायचा. दाराबाहेर रडताना झुमके आणि उंबरा ओलांडून आत आली की कुड्या! एका खलनायिकेच्या गालावरचा तीळ डावीकडून उजवीकडं आणि उजवीकडून डावीकडं इतका फिरला, की बद्रीनाथ म्हणाला, "ह्या तिळाला आता एसटीचा पास काढून द्या." एका सासऱ्याच्या फोटोवरचा हार महिनाभर तोच राहिला, आतला सासरा मात्र बदलला.

गिऱ्हाइकं दळण विसरून वाद घालायची. "अहो, वाटेत बदलल्या असतील कुड्या." "वाटेत? उंबऱ्यावर? तिथं काय सोनाराचं दुकान हाय?" अशाच एका वादात गव्हावर ज्वारी पडली, ज्वारीवर हरभरा पडला, आणि अर्ध्या गल्लीनं त्या आठवड्यात भाकरी खाल्ली की चपाती, हे आजतागायत कुणी छातीठोक सांगू शकत नाही.

इथवर ठीक होतं. पण हा डोळा टीव्हीबाहेर पडला आणि घोटाळा झाला. लेकीला, अक्षताला, बघायला सिल्लोडकडचे पाहुणे आले होते. मुलाच्या काकानं बसल्या बसल्या सांगितलं, की आमची विहीर घराच्या पूर्वेला आहे. पोहे खाऊन झाल्यावर तीच विहीर पश्चिमेला निघाली. बद्रीनाथ म्हणाला, "काय हो पाव्हणं, पोहे खाईस्तोवर विहीर चालत गेली का?" पाहुणे चहाला थांबले नाहीत.

तेव्हा अक्षताला वाईट वाटलं नव्हतं, तो मुलगा तिला तसाही पसंत नव्हता. या वेळची गोष्ट निराळी होती. जालन्याच्या एमआयडीसीत ती बियाण्याच्या कंपनीत कामाला जायची. तिथंच एका रोलिंग मिलमध्ये राजूरचा भारत सुपरवायझर होता. ओळख झाली, ओळखीचं पुढं जे व्हायचं ते झालं, आणि आता त्याचे आईवडील त्याला घेऊन रीतसर बघायला येणार होते. सकाळी तिनं बापाला गिरणीत गाठलं आणि चक्क बटण बंद केलं. जातं थांबलं. एवढी शांतता बद्रीनाथला सोसायची नाही, त्याचे हात उगाच पिठाच्या डब्यावर फिरायला लागले.

"आप्पा, या घरी मला जायचंय. मला. कळलं का?"

"कळलं की."

"मंग आज तुम्ही कुणाची विहीर हलवायची न्हाई."

त्यात जीपवाल्या मिथुननं, जो या सोयरिकीत मध्यस्थ होता, आणखी भीती घालून ठेवलेली. "भाऊ, मुलाचा बाप अण्णासाहेब म्हंजे गाय हाय बिलकुल. हुकूम शिवकन्याबाईचा. अन् त्या बाईचा जीव त्या 'ओटी भरली चांदण्यानं' सिरीयलमधी हाय. जावेनं एकदा म्हणलं, की ती शर्वाणी रडताना पाणी लावती डोळ्याला. तवापासून जावेशी बोलल्या न्हाईत. सख्ख्या जावेशी!"

आणि ती सिरीयल बद्रीनाथची सगळ्यात आवडती होती. तिच्याइतक्या चुका दुसऱ्या कुठल्याच सिरीयलमध्ये नव्हत्या.

पाहुणे दुपारी यायचे ते वाटेत जीप पंक्चर झाली म्हणून संध्याकाळी आले. पोहे झाले. शिक्षण, नोकरी, स्वयंपाक, सगळं विचारून झालं. शिवकन्याबाई धिप्पाड होत्या, बोलायला मोकळ्या होत्या. बद्रीनाथला "भाऊ, भाऊ" म्हणत होत्या. सगळं बराबर चाललं होतं, आणि दिवेलागणीला त्यांची चुळबूळ सुरू झाली. घड्याळाकडं बघितलं, पदर सारखा केला, पुन्हा घड्याळाकडं बघितलं.

"भाऊ, राग नसावा. टीव्ही लावता का जरा? आज शर्वाणीचा पोळा हाय."

खरा पोळा होऊन दोन-तीन दिवस झाले होते, पण सिरीयलवाल्यांचा आज होता. पुष्पाबाईंनी नवऱ्याकडं असं बघितलं, की त्याच्या जागी कढई असती तर तडकली असती. मग टीव्ही लावला आणि त्याला लागूनच बसल्या. त्याच्या पायजम्याचा काठ त्यांनी आपल्या गुडघ्याखाली दाबून धरला.

शर्वाणी बैलाला ओवाळायला अंगणात आली. उजव्या हाताला पट्टी बांधलेली. कुंकू लावताना पट्टी डाव्या हाताला गेली. बद्रीनाथचा अंगठा वळवळला. त्यानं पाण्याचा तांब्या उचलला, ठेवला, पुन्हा उचलला.

"पाणी पाहिजे का भाऊ?" शिवकन्याबाईंनी टीव्हीवरची नजर न काढता विचारलं.

"हं," बद्रीनाथ म्हणाला. त्याच्या एका हं-नं खिडकीतली चिमणी उडाली.

पुढं बैलाच्या शिंगांना बेगड लावली. निळी. जाहिराती झाल्या. परत आले तो बेगड लाल. बद्रीनाथनं वर्तमानपत्राची घडी घातली, ती मोडली, पुन्हा घातली. मग कॅमेरा जरा खाली गेला आणि बैलाला चार सड दिसले. चार! चांगले दुभते! गोठ्यातून बैल निघाला होता, अंगणात गाय पोचली होती, आणि सगळं खानदान हात जोडून तिच्यापुढं "बैलोबा" म्हणत उभं होतं.

बद्रीनाथच्या तोंडातून प्रेशर कुकरच्या शिट्टीआधी येतो तसला आवाज निघाला. पुष्पाबाईंनी चिमटा काढला. त्यानं लेकीकडं बघितलं. अक्षता स्वयंपाकघराच्या दारात चहाचा ट्रे घेऊन उभी होती आणि तिचे डोळे टीव्हीला चिकटले होते. तिच्याही पायाचा अंगठा वळवळत होता. बाप चरकला. आपण स्वतःला कसंबसं आवळून धरलंय, पण हे रक्त पुढं गेलंय, हे ध्यानातच नव्हतं आलं.

तेवढ्यात सिरीयलमध्ये रात्र झाली. शर्वाणी गच्चीवर गेली. नवरा परदेशात. तिनं मान वर केली, संगीत भरून आलं, आणि पडद्यावर चंद्र आला. साधासुधा नाही, परातीएवढा, पूर्ण वाटोळा, पांढराफेक.

शिवकन्याबाईंनी डोळ्याला पदर लावला. बद्रीनाथनं दोन्ही हातांनी तोंड दाबलं. त्याचे कान लाल झाले. पोटातून शब्द असे चढत होते, की आता जात्याची खीळ तुटणार आणि दगड घराबाहेर जाणार.

पण आवाज दारातून आला.

"अहो आत्याबाई, पोळा तर अमावस्येचा असतो! ही पुनव कुठून आणली यांनी?"

अक्षता बोलली होती. ट्रेमधल्या कपांनी टाळ वाजवावेत तसा आवाज केला.

शिवकन्याबाई सावकाश वळल्या. "मंग काय झालं? दिसत न्हाई का तुला, ती दुःखात हाय?"

"दुःखात हाय म्हणून चंद्र वाढतो का?" अक्षताला आता थांबता येईना. "मघाशी दिवसा बैल पुजला, म्हंजे आज पोळाच. पोळ्याला आभाळात चंद्राचा पत्ता न्हाई. अन् तो बैल तरी कुठं होता? गाय होती ती!"

"अक्षता!" पुष्पाबाई ओरडल्या.

अण्णासाहेब आपल्या हातातल्या टोपीकडं बघत राहिले. भारतनं डोळे मिटले. शिवकन्याबाईंनी रिमोट मागून घेतला आणि, जे राजूरमध्ये सांगितलं तर कुणी खरं मानणार नाही, सिरीयलचा आवाज बंद केला.

"चंद्राचं ऱ्हाऊ दे. त्याच्या आधी काय म्हणलीस?"

"पोळा अमावस्येचा..."

"त्याच्या बी आधी."

अक्षताच्या तोंडावरचा रंग गेला. आता सगळ्यांनाच ऐकू आलं, जे मघाशी चंद्राच्या गडबडीत निसटलं होतं. आत्याबाई. या भागात सून सासूला आत्याबाई म्हणते. बघायला आलेल्या मुलाच्या आईला मावशी म्हणावं, काकू म्हणावं, फार तर नुसतं अहो म्हणावं. पसंती कळलेली नाही, सुपारी फुटलेली नाही, आणि पोरीनं एका झेपेत सासर गाठलं होतं. हे तिच्या तोंडात आजचं नव्हतं, भारतशी बोलताना रोज बसलेलं होतं.

पुष्पाबाईंनी धाव घेतली. "अहो, तुम्ही यांना भाऊ म्हणता की. मंग भावाच्या लेकीची तुम्ही आत्याच झाल्या. त्या हिशेबानं म्हणली ती."

पळवाट चांगली होती, अगदी बापाची बहीण ती आत्या! चुकीवर असं पांघरूण घालायला सिरीयलवाल्यांनाही जमलं नसतं. शिवकन्याबाईंनी मात्र पुष्पाबाईंकडं बघितलं नाही. त्यांनी बद्रीनाथवर नजर रोखली.

"भाऊ, तुमचा डोळा लय तेज हाय म्हणतात. सिल्लोडच्या विहिरीचं आमच्यापर्यंत आलंय. तुम्ही सांगा. ह्यात चूक कुठं हाय?"

बद्रीनाथ उठायला गेला, पायजमा गुडघ्याखाली अडकला, तसाच खाली बसला. 'चूक हाय' म्हणावं तर लेकीचं मन आपल्याच तोंडानं खोटं पाडल्यासारखं. 'चूक न्हाई' म्हणावं तर मुलीचा बाप गळ्यात पडला म्हणतील. बायकोची पळवाट घ्यावी, तर ती समोर उघडी होती, नुसती मान हलवायची. त्यानं अक्षताकडं बघितलं. तिनं ट्रे खाली ठेवला होता आणि ती त्याच्याकडं बघत होती. ती पळवाट तिला नको होती, एवढं त्याला दिसलं.

तो बोलला, आणि गिरणीच्या आवाजातच बोलला.

"बाई, शब्द बराबर हाय. सीन मागं-पुढं झालाय. सुपारीचा सीन आधी पाहिजे होता, तो राहून गेला. बाकी त्यात चूक न्हाई."

पलीकडच्या गल्लीत कुणीतरी "काय म्हणले, काय म्हणले?" असं विचारलेलं आत ऐकू आलं.

शिवकन्याबाईंनी भारतकडं बघितलं. "तुझं काय?"

"मी काय बोलू आई? मला तर वाटलं, तिनं चंद्राचं बोलायला नको होतं."

"अन् आत्याबाईचं?"

भारत नुसता कानापर्यंत हसला.

"मुक्या, तोंडानं सांग. मला पोरगी बोलणारी मिळून राह्यली, निदान पोरगा तरी बोलू दे."

"पसंत हाय," भारत म्हणाला.

"अहो, तुमचं?" शिवकन्याबाईंनी नवऱ्याला विचारलं. अण्णासाहेबांनी टोपी घातली. हीच त्यांची संमती, असं मिथुन नंतर सांगायचा.

पुष्पाबाई देव्हाऱ्याकडं पळाल्या. कुंकू निघालं, नारळ निघाला, सुपारी अडकित्त्यानं फुटली. साखर वाटली. अक्षता पाया पडली, आणि शिवकन्याबाईंनी तिचा खांदा धरून तिला म्हणायला लावलं, "काय म्हणत होतीस मघाशी, आता म्हण." तिनं म्हटलं. या वेळी इतकं हळू, की दोनदा म्हणावं लागलं.

मग शिवकन्याबाई भिंतीला टेकल्या. "हं, भाऊ, आता सोयरे झालो. आता बोला. मघापासून नुसते फुगून राह्यलेत."

बद्रीनाथनं बायकोकडं बघितलं. पुष्पाबाईंनी पायजमा सोडला.

मग जे सुटलं! पट्टी, बेगड, चार सड, सगळं भडाभडा बाहेर आलं. शिवकन्याबाईंनी पट्टी कबूल केली. बेगड, म्हणाल्या, उन्हात रंग पालटतो. गायीवर जरा अडखळल्या. पण चंद्रावर हटेनात.

"तो चंद्र आभाळातला न्हाई. तिच्या मनातला हाय."

"मनातल्या चंद्राची सावली पडती का गच्चीवर? मी बघितली! कठड्याची सावली पडल्ती!"

"नवरा परदेशात हाय तिचा. तिकडं पुनव असंल."

"ईहीणबाई, पुनव काय देशादेशाची निराळी असती?"

"तुम्ही गेल्ते का कधी परदेशात?"

"न्हाई, पण तुम्ही तरी कुठं गेल्त्या?"

मिथुननं बाहेर हॉर्न वाजवला. कुणी हललं नाही. त्यानं पुन्हा वाजवला. वाद खोलीतून ओसरीत आला, ओसरीतून रस्त्यावर. दोन-चार शेजारी दोन्हीकडून सामील झाले. पुष्पाबाई हात जोडून मध्ये उभ्या, "अहो, नुसती सुपारी झालीय, लग्न व्हायचंय अजून!" भारत आणि अक्षता जीपच्या मागं उभे होते, त्यांना कुणी विचारत नव्हतं आणि त्याचं त्यांना काही वाटत नव्हतं.

शेवटी अण्णासाहेबांनी शिवकन्याबाईंना धरून जीपमध्ये बसवलं. जीप हलली. शिवकन्याबाईंनी खिडकीतून डोकं बाहेर काढलं.

"भाऊ! लग्नाची तारीख आम्ही काढणार! तुम्ही पंचांगाला हात लावायचा न्हाई!"

"का बरं?"

"त्यात बी चुका काढाल!"

लोक हसले. पुष्पाबाईंनी सुस्कारा टाकला आणि नवऱ्याचा हात धरायला गेल्या. हात जागेवर नव्हता. बद्रीनाथ जीपमागं धावत सुटला होता, एक चप्पल रस्त्यात टाकून, आणि त्याचा आवाज पार टेंभुर्णीच्या वाटेला लागला होता:

"ईहीणबाई! कोणतं पंचांग वापरता, तेवढं तर सांगून जा!"