खोकल्याची संमती

कलमबाईंनी अर्जाच्या सातव्या रकान्यावर पेन्सिलीचं टोक टेकवलं आणि कागद टेबलावरून पलीकडे सरकवला.

“हा रकाना अर्धाच भरलाय.”

समोर बसलेल्या सिस्टरनी वाकून पाहिलं. ध्वनिमुद्रणात ज्यांचा आवाज ऐकू येतो अशा सर्व व्यक्तींची नावे व संमती, असं तिथं छापलेलं होतं. निवेदकाची सही होती. गाणारी बाई हयात नव्हती, तिच्या मुलाची सही होती.

“दोनच तर आवाज आहेत, मॅडम.”

“तीन.” कलमबाईंनी स्वतःच्या अक्षरातली टिपणी दाखवली. तीन मिनिटं बारा सेकंद: एक खोकला. व्यक्ती अज्ञात.

सिस्टर आधी हसल्या. मग समोरचा चेहरा पाहून त्यांचं हसू जागीच विरलं.

सार्वजनिक नभोवाणीच्या परवानगी विभागात बाईंना एकोणीस वर्षं झाली होती. केंद्राचं काहीही कुणाला बाहेर वापरायचं असलं की अर्ज त्यांच्याकडे यायचा. वाक्यागणिक कलम काढायच्या, म्हणून कलमबाई. हे नाव त्यांना ठाऊक होतं आणि मनातून आवडतही होतं. प्रत्येक ध्वनिमुद्रण त्या हेडफोन लावून, बोटांवर आवाज मोजत ऐकायच्या. नियमाच्या बाबतीत त्यांच्यापुढे कुणाची डाळ शिजत नसे.

“तेवढा खोकला कापून टाका ना.”

“कलम नऊ. काटछाट करता येत नाही.”

“अहो, एक्केचाळीस वर्षांपूर्वी कोण खोकलं, ते मी कुठून शोधू?”

“ते कलमात दिलेलं नाही.” बाई हे चेष्टेनं म्हणाल्या नव्हत्या.

सिस्टर नवजात बाळांच्या विभागात होत्या. दिवस भरायच्या आत जन्मलेली, तळहातावर मावतील अशी बाळं काचेच्या पेट्यांत ठेवलेली असत. एका दुपारी तिथल्या रेडिओवर ही जुनी अंगाई पुन्हा लागली आणि दोन दिवस कशालाच न बधणारं चौथ्या पेटीतलं बाळ निवांत झालं. त्याचा श्वास लयीत येत गेला. यंत्रावरचे आकडे सिस्टरनी स्वतः पाहिले होते. आता ती अंगाई त्यांना रोज लावायची होती, आणि इस्पितळ लेखी परवानगीशिवाय एक सूरही लावू देत नव्हतं.

“बाळं थांबत नाहीत हो, मॅडम,” त्या उठता उठता म्हणाल्या. “पेटीतून एकतर घरी जातात, नाहीतर...” वाक्य तिथंच सोडून त्यांनी पिशवी खांद्याला लावली.

बाईंना वाटलं, हाही अर्ज आता फायलीत पडून राहणार. असे कितीतरी पडून होते.

सात आठवड्यांनी सिस्टर पुन्हा आल्या. या वेळी त्यांनी टेबलावर पाच पाकिटं मांडली.

“खोकला सापडला. पण एक भानगड आहे. पाच जण म्हणतात, माझाच. संमतीही पाचही पत्रांत आहे.”

बाईंनी चष्मा काढला.

सिस्टरनी केंद्राच्याच तळघरात बसून त्या दिवसाचं हजेरीपुस्तक शोधलं होतं. अंगाई थेट प्रसारित होत असतानाच टिपली गेली होती आणि तिच्यामागून एक नाटक होतं. नाटकातली पाच मंडळी जरा लवकर स्टुडिओत शिरली, तेवढ्यात लाल दिवा लागला आणि दार बंद झालं. गाणं संपेपर्यंत पाचही जण भिंतीला पाठ लावून उभे होते.

“नटमंडळी!” बाई म्हणाल्या. “फुकटचं श्रेय मिळतंय म्हटल्यावर कोण सोडतंय?”

“वाचा तर खरं.”

पहिल्या पत्रातलं अक्षर थरथरत होतं. मला तेव्हा सर्दी होती. ती बाई आयुष्यात एकदाच गायला आली आणि मी तिचं गाणं नासवलं. माफ करा. दुसऱ्यात होतं, घशाशी आलेलं मी तीन मिनिटं दाबून धरलं, शेवटी सुटलंच. तिसरं, हात चालेनासा झाला म्हणून सुनेकडून लिहून घेतलेलं, खाली अंगठा. चौथ्यात फक्त एवढंच: होय, मीच. पाचवं एका आजींचं. आमचे हे शेवटपर्यंत म्हणायचे, त्या गाण्यात खोकलो तो मी. त्यांच्या वतीनं माझी संमती समजावी.

“एकमेकांशी बोलून लिहिलंय का हे?”

“छे हो. वर्षानुवर्षं कुणाची कुणाशी गाठ नाही. प्रत्येकाला वाटतं, आपल्यामुळंच.”

मघाशी काढलेल्या शब्दांची बाईंना लाज वाटली. पाच माणसं इतकी वर्षं एका खोकल्यासाठी मनात कुढत होती, आणि आपण मात्र तो सेकंदांसकट नोंदवून मोकळं व्हावं!

“पण नाव एकच हवं,” त्या पुटपुटल्या आणि हेडफोन लावले. निदान पुरुषाचा की बाईचा, एवढं तरी कळेल.

अंगाई सुरू झाली. बाईंनी सवयीनं बोट वर धरलं. दोन ओळींच्या मध्ये गाणारी श्वास घ्यायला थांबली, आणि मागे जे उरलं ते त्यांनी आजवर शांतता म्हणून सोडून दिलं होतं. रिकाम्या खोलीची शांतता त्यांनी हजार वेळा ऐकली होती. ही तशी नव्हती. तिच्यात कपड्याची बारीक सळसळ होती. कुणाचा तरी बूट हलता हलता थांबला होता. पाच माणसं जिवाच्या करारानं गप्प होती आणि त्यांचं ते गप्प राहणं स्वच्छ ऐकू येत होतं. गाणारीलाही ते ऐकू गेलं असणार, कारण ओळीमागून ओळ तिचा आवाज आणखी हळू, आणखी जवळ येत होता. बाईंच्या अंगावर सरसरून काटा आला. माणसं माणसाला एवढं सांभाळू शकतात, आणि ते फितीवर उमटतं! खोकला कधी येऊन गेला, ते त्यांच्या लक्षातही आलं नाही.

त्यांनी हेडफोन काढून टेबलावर ठेवले.

मग बाईंनी स्वतःच्या टिपणीवर काट मारली. एकोणीस वर्षांत पहिल्यांदाच. ऐकू येणाऱ्या व्यक्ती तीन होत्या, तिथं सात केलं. रकान्यात जागा नव्हती म्हणून पाचही नावं समासात लिहिली, सावकाश, एकाखाली एक, आणि शिक्का मारला.

सिस्टरनी कागद दोन्ही हातांनी घेतला. दारापर्यंत जाऊन त्या वळल्या.

“मॅडम, पण खोकला नक्की कुणाचा?”

“तसा रकाना नाही,” कलमबाई म्हणाल्या आणि त्यांनी अंगाई पुन्हा पहिल्यापासून लावली.