दुसऱ्याच्या अक्षरातली वही

सकाळी सव्वासहाला मागच्या दाराची बेल वाजे. स्वयंपाकाच्या मावशी आत येत, चपला दाराबाहेर काढून गॅस पेटवत. त्यांच्यामागून त्यांची मुलगी येई, ओट्याच्या कोपऱ्यातले डबे बाजूला सारी आणि उभ्याउभ्याच एक वही उघडी. घरात खुर्च्या नव्हत्या असे नाही; जेवणाच्या टेबलाभोवतीच आठ होत्या. पण तिला कुणी बस म्हटले नव्हते, आणि न सांगता बसण्याइतकी ती अजाण नव्हती.

शाळेत तिला सगळे टाचणी म्हणत. अंगाने तशीच, बोलायलाही तशीच. ओट्यावर ती जी विज्ञानाची प्रयोगवही लिही, ती तिची नव्हती. या घरच्या धाकट्या लेकीची, छोटीची होती. दोघी दहावीच्या एकाच वर्गात. वर्षापूर्वी छोटीचे बोट दारात चेमटले, तेव्हा एक आकृती टाचणीने काढून दिली. बोट आठवड्यात बरे झाले; वही मात्र ओट्यावरच राहिली.

"तिलाही सराव होतो," छोटीची आई लेकीला म्हणे. "आणि तिची फी माफ झाली ती कुणामुळे? तुझ्या बाबांनी शब्द टाकला म्हणूनच ना?" बाबा शाळेच्या समितीवर होते.

वही लिहून होईतो छोटी पोहून परतलेली असे. केस पुसत विचारी, "झालं का गं?"

"झालं, महाराणी. सहीची तेवढी तसदी घ्या."

दोघी हसत. ते हसणे दोघींचे आहे, असे छोटी धरून चालली होती.

मग एका आठवड्यात मावशींना ताप भरला. त्यांना घरी निजवून टाचणी एकटीच येऊ लागली. स्वयंपाकही उरकी आणि वहीही लिही. त्या गडबडीत छोटीच्या वहीतल्या एका पानावर तिने स्वतःचाच हजेरी क्रमांक टाकला.

विज्ञानाच्या बाईंनी दोन्ही वह्या शेजारी-शेजारी मांडल्या. अक्षर एकच.

"काय गं, वह्या लिहून द्यायचं दुकान काढलंयस?" त्यांनी टाचणीला उभे केले. "काय भाव लावतेस?"

छोटीला त्यांनी काही विचारलेच नाही. टाचणीच्या जिभेवर एरवी उत्तर तयार असे. आज तिने फक्त वळून छोटीकडे पाहिले. छोटी मान खाली घालून बाकाचा रंग नखाने खरवडत राहिली. आपल्याला बोलायला वेळ मिळाला नाही, असे पुढे ती स्वतःला सांगू पाहत होती; पण वेळ भरपूर होता. तेवढ्या वेळात तिने बोटभर रंग काढला होता.

शाळा सुटायच्या आत पत्र निघाले. टाचणीची फीमाफी रद्द करण्याचा विषय सोमवारी समितीपुढे येणार होता. छोटीला तोंडी समज मिळाली.

"तू मधे पडू नकोस," आईने बजावले. "परीक्षेचं वर्ष आहे. उगाच नाव खराब होईल."

"पण लिहायला आपणच लावलं ना?"

"लावलं म्हणजे? हात धरून का लिहून घेतलं? आणि शाळा सुटलीच, तर माझ्या ओळखीच्या शिवणकारखान्यात चिकटवून देईन तिला. आपण काही कुणाला वाऱ्यावर सोडत नाही."

बाबांनी वर्तमानपत्राआडून सांगितले, "आपल्याच घरचा विषय. मला समितीत तोंड उघडता येणार नाही."

अंगात कसकस असूनही मावशी त्या दिवशी कामावर आल्या होत्या. दारात उभ्या राहून त्यांनी सारे ऐकले. मग पदराला हात पुसत म्हणाल्या, "वहिनी, भाजीत मीठ बेताचंच घातलंय."

दुसऱ्या दिवशी छोटीने टाचणीला नळापाशी गाठले. "तू बाईंना खरं का नाही सांगितलंस?"

"आईचं काम तुमच्याकडे आहे, म्हणून."

"मग मी सांगू?"

"मला कशाला विचारतेस?" टाचणीने बाटलीचे झाकण घट्ट केले. "मी हो म्हटलं की तू मोकळी, असंच ना? तेवढं नाही जमायचं मला."

बाईंनी परत दिलेली ती वही छोटीने घरी प्रथमच सबंध वाचली. आकृत्या रेखीव होत्या. सत्तावीस प्रयोगांपैकी एकाचाही निष्कर्ष तिला सांगता आला नसता, आणि प्रत्येक पानाखाली तिची ऐटदार सही होती.

शनिवारी ती पोहायला गेली नाही. वाकड्यातिकड्या अक्षरात तिने मुख्याध्यापकांच्या नावे अर्ज लिहिला: "वही तिने लिहिली, कारण मी आणि माझ्या घरच्यांनी ती लिहून घेतली. त्याबद्दल तिला आम्ही काहीही दिलेले नाही. शिक्षा मला व्हावी." अर्ज वहीला जोडून ती शाळेच्या कार्यालयात गेली.

"बाबांनी काही पाठवलंय?" लिपिकाने विचारले.

"नाही काका, माझंच आहे."

वाचता वाचता त्यांनी चष्मा काढला. "घरी ठाऊक आहे?"

"संध्याकाळी सांगणार आहे."

"प्रात्यक्षिकाचे सगळे गुण जातील, पोरी."

"हो. मिळाल्याची पोच द्या ना."

समितीला नको असलेले कागद कसे गहाळ होतात, हे बाबांनीच हसतहसत सांगितलेले तिने ऐकले होते. लिपिकाने शिक्का मारला, तारीख घातली. पोचेची घडी करून तिने खिशात ठेवली आणि तास सुरू व्हायच्या आत वर्गात जाऊन बसली.