अकरा गावांचा लिफ्टर

खानदेशच्या व्हॉलीबॉलमध्ये निष्ठा हा शब्द ज्याने स्वतः जगून दाखवला असा खेळाडू एकच झाला, तो म्हणजे नवल रुपचंद पाटील. ज्या संघात तो गेला त्या संघासाठी त्याने जिवाचं रान केलं. असे संघ अकरा झाले.

नवल लिफ्टर होता. ज्यांनी कधी व्हॉलीबॉल पाहिलेला नाही त्यांच्यासाठी सांगायचं तर, समोरून आलेला चेंडू मागचा कुणीतरी अडवतो, जाळीपाशी उभा असलेला लिफ्टर तो बोटांच्या टोकांवर झेलून हव्या त्या उंचीवर सोडतो, आणि मग तिसराच कुणी उडी मारून तो समोरच्या अंगणात ठोकतो. टाळ्या ठोकणाऱ्याला पडतात. चेंडू कुणाकडे जाणार हे लिफ्टर आधी ठरवतो आणि पाठीमागे हात नेऊन आपल्याच माणसांना बोटांनी कळवतो. एक बोट म्हणजे डावीकडे उंच, दोन बोटं म्हणजे मधोमध झटपट, तीन म्हणजे मागे उजवीकडे. समोरच्यांना ही बोटं दिसत नाहीत. नवलने सोळा वर्षं हे केलं आणि सोळा वर्षांत वर्तमानपत्रात त्याचं नाव दोनदा आलं. त्यातलं एकदा 'नवनाथ' असं.

सुरुवात भडगावला झाली. गिरणेकाठच्या त्या मंडळाच्या अध्यक्षांनी त्याला पतपेढीत चिकटवतो म्हणून सांगितलं होतं. चिकटवायच्या आतच ते स्वतः पतपेढीतून सुटले. मग धुळ्याच्या एका क्लबने बदली खेळाडू म्हणून नेलं. तिथल्या मुख्य लिफ्टरचं बोट मोडलं, म्हणून अख्खा सीझन नवल खेळला, संघाला फायनलपर्यंत घेऊन गेला, आणि फायनलच्या दिवशी सकाळी मुख्य लिफ्टरचं बोट बरं झालं. नवलने बाकावर बसून टॉवेल सांभाळले. मग चाळीसगाव, पाचोरा, जळगावातलं मेहरूण, आणि मधली अशी काही गावं, जी संघ बंद पडल्यावर त्याला पुन्हा कधी लागलीच नाहीत.

गावोगावच्या स्पर्धांना एक नियम असे. सहापैकी चार खेळाडू गावचेच पाहिजेत. त्यामुळे प्रत्येक संघ नवलला घेतला की पहिल्यांदा सरपंचाचा दाखला काढी आणि आधारकार्डावरचा पत्ता बदलून घेई. प्रत्यक्षात तो लग्नापासून मेहरूणमध्ये दोन खोल्यांत राहत होता आणि दिवसा फरशीच्या दुकानात काम करत होता.

"गॅसवाला विचारतो, वहिनी, तुम्ही राहता तरी कुठे?" त्याची बायको दिपमाला म्हणायची. "मी म्हटलं, थांब, कुठली टुर्नामेंट चालू आहे ते बघून सांगते."

जुन्या संघांच्या जर्सी ती फरशी पुसायला घेई. धुळ्याचा कपडा पाणी चांगलं शोषतो, असं तिचं मत होतं.

नवल अडतीसचा झाला. उडी मारून खाली आला की उजवा गुडघा वेगळा खाली येई. मुलगी मयुरी नववीत होती. शाळेच्या फॉर्मवर 'वडिलांचा व्यवसाय' असा रकाना होता, तो तिने कोरा ठेवला आणि बाईंना सांगितलं, पप्पा सांगतील. नवलने पेन हातात घेतलं, 'खे' लिहिलं, खोडलं, आणि फॉर्म दिपमालाकडे दिला.

अशा वेळी सावद्याहून फोन आला.

सावद्याजवळच्या एका शिक्षणसंस्थेचे चेअरमन तोताराम आबा केळीचे व्यापारी होते आणि व्हॉलीबॉलचा संघही चालवत. घड हातात घेऊन तो किती दिवसांत पिकेल हे ते बिनचूक सांगत. नवलला त्यांनी उभा केला, खालून वर पाहिलं आणि म्हणाले, "एक सीझन निघेल अजून."

"निघेल, आबा."

"शाळेत शिपायाची जागा आहे. कायम. धुळ्याची स्पर्धा जिंका, ऑर्डर सोमवारी."

नवलला आधीच्या गावांचा अनुभव होता. तो चाचरत म्हणाला, "आबा, काही लेखी..."

"नवल," आबा दुखावल्या आवाजात म्हणाले, "आबाच्या शब्दाला शिक्का लागतो का?"

शेजारी बसलेले संस्थेचे सचिव ज्ञानेश्वर नाना हसले आणि म्हणाले, "नाही लागत. आबांचा शब्द म्हणजे शब्द." आबा आणि नाना एकाच सोफ्यावर बसत, एकमेकांना पान देत. उन्हाळ्यात संस्थेची निवडणूक होती, आणि दोघांचे पॅनल वेगळे होते.

नवलने एकच अट घातली. ठोकायला समाधान पाहिजे.

समाधान हा त्याचाच शोध होता. मेहरूणच्या तळ्याकाठच्या मैदानावर सहा वर्षांपूर्वी हा लांबच लांब पोरगा चेंडू सोडून सगळं मारत होता: जाळी, खांब, एकदा तर पंच. नवलने त्याला उडीची वेळ शिकवली, मनगट शिकवलं. चेंडू येण्याआधी हात गप्प ठेवायचे, हातावरून समोरच्याला मन कळतं, हेही शिकवलं. दोन वर्षं समाधान रात्रीचा त्यांच्याकडेच जेवला. दिपमालाने शेवभाजी केली की त्याच्या ताटात शेव जास्त पडे, आणि नवलने तक्रार केली की ती म्हणे, "त्याला उडी मारायची असते. तुम्हाला नुसतं उभं राहायचं असतं."

सीझन सुरेख गेला. नवल उचलत होता, समाधान ठोकत होता. संघात नवीन नावाचा एक गडी होता, वजन नव्वद किलो. संघाची ये-जा त्याच्या मालकीच्या गाडीतून होई, म्हणून तो पहिल्या सहात होता. त्याच्याकडे चेंडू द्यायची पद्धत नव्हती. बिचारा उजवीकडे उभा राहून दरवेळी इमानदारीने उडी मारायचा आणि रिकाम्या हाताने खाली यायचा. यालाही टीमवर्क म्हणतात, असं त्याला सांगितलेलं होतं.

फायनल फेब्रुवारीत, रविवारी दुपारी, धुळ्यात. समोर धुळ्याचा तोच क्लब, जिथे नवलने टॉवेल सांभाळले होते. आबा आणि नाना पहिल्या रांगेत, एकाच सोफ्यावर. सोफा सावद्याहून आणला होता.

पहिले दोन सेट सावद्याने घेतले. तिसऱ्यात काहीतरी बिघडलं. नवलच्या बोटांतून चेंडू सुटायच्या आत धुळ्याचा योगेंद्र, सव्वासहा फुटी माणूस, नेमक्या जागी जाऊन हात वर करून उभा असायचा. एकदा झालं, नवलला वाटलं नशीब. चारदा झालं. समाधानने ठोकलेला चेंडू त्या हातांच्या भिंतीवर आपटून परत यायचा आणि समाधान मान हलवायचा. तिसरा सेट गेला, चौथाही गेला.

"भाऊ, लिफ्ट जरा बुटकी पडतेय," समाधान म्हणाला.

नवलची लिफ्ट सोळा वर्षांत बुटकी पडली नव्हती. तरी त्याने ऐकून घेतलं, थोडी उंच सोडली, आणि योगेंद्रला आणखीच निवांत वेळ मिळाला.

पाचवा सेट पंधरा गुणांचा. अकरा-अकरा झालं तेव्हा नवल चेंडूकडे बघायचा सोडून आपल्या माणसांकडे बघू लागला. पाठीमागे त्याने एक बोट दाखवलं. समाधानने डाव्या कानाला हात लावला. योगेंद्र डावीकडे सरकला.

पुढच्या वेळी दोन बोटं. समाधानने नाक पुसलं. योगेंद्र मध्ये आला.

मैदानावर लोक ओरडत होते, कुणीतरी ताशा वाजवत होतं. नवलला काही ऐकू येईना. हात गप्प ठेवायचे, हे त्यानेच शिकवलं होतं. शिष्याला नियम बरोबर समजला होता. त्याने फक्त तो उलटा वापरला होता.

तेरा-तेरा. नवलने एक बोट दाखवलं. कानाला हात गेला. योगेंद्र आणि त्याचा जोडीदार दोघेही डावीकडे धावले. नवलने डावीकडे बघत, मान न वळवता, चेंडू डोक्यावरून मागे सोडला.

मागे नवीन होता. नेहमीप्रमाणे त्याने इमानदारीने उडी मारली, आणि आयुष्यात पहिल्यांदाच वर त्याला चेंडू भेटला. घाबरून त्याने डोळे मिटले आणि हात फिरवला. समोर कुणीच नव्हतं. चेंडू पडला. चौदा-तेरा.

धुळ्याने वेळ मागितली. समाधान जवळ आला. "भाऊ, तुम्ही एक दाखवलं होतं."

"हो," नवल म्हणाला. "चुकलं."

शेवटच्या गुणाला त्याने पुन्हा एक बोट दाखवलं. समाधान क्षणभर थांबला. त्याच्या चेहऱ्यावरचा हिशेब नवलला स्पष्ट दिसत होता. मग हात कानाकडे गेला. एकदा चुकलेला माणूस दुसऱ्यांदा चुकत नाही, असं त्याला वाटलं असावं. चेंडू पुन्हा मागे गेला. या वेळी नवीनने एक डोळा उघडा ठेवला होता.

सावदा जिंकलं. आबांनी नवीनला मिठी मारली, जितकी पुरली तितकी. नाना उठून टाळ्या वाजवत राहिले, आणि त्यांचा चेहरा लग्नात जेवण संपल्यावर पोचलेल्या पाहुण्यासारखा होता.

परतीच्या वाटेवर गाडी पारोळ्याला चहासाठी थांबली. बाकीचे नवीनभोवती होते. तो दोन्ही ठोके पुन्हापुन्हा करून दाखवत होता. नवल कप घेऊन बाजूला लिंबाखाली गेला आणि त्याने समाधानला हाक मारली. आता दोघंच होते, म्हणून तो घरच्या बोलीत बोलला.

"तुना कानले काय व्हयनं रे?"

"काही नही भाऊ. मच्छर चावना."

"दरवखत लिफ्टना आगेच?"

समाधानने चहावरची साय बोटाने काढली. मग म्हणाला, "नानानी सांगं व्हतं. टीम हारनी ते आबानी इज्जत जाई, इलेक्शनमां पडतीन. मंग माले नोकरी."

"कोठे?"

"आपलीच शाळामां."

"कसानी?"

"शिपाईनी."

नवलने कप खाली ठेवला. "ती मनी जागा शे."

"माले काय माहीत भाऊ! नाना बोलनात, मोकळी शे." समाधानचा आवाज चढला, आणि मग लगेच उतरला. "तुमनं ते आते वय व्हयनं. मना अजून लगीन बी नही."

नवलला खूप काही बोलायचं होतं. दोन वर्षांची जेवणं, मनगट, उडी, सगळं ओठांपर्यंत आलं होतं. पण भडगावपासून आजपर्यंत ज्यांनी ज्यांनी त्याला फसवलं ते सगळे वयाने मोठे होते, पदावर होते, त्यांच्यावर मागून चिडता यायचं. हा समोर उभा होता आणि त्याच्या अंगात नवलचाच जुना स्वेटर होता.

"वहिनीले सांगू नका," समाधान म्हणाला.

"नही सांगत," नवल म्हणाला, आणि चहावाल्याला दोघांचे पैसे दिले. सवय होती.

सोमवारी तो साडेदहाला इस्त्रीचा शर्ट घालून शाळेत पोचला. आबांनी त्याला शाल दिली, नारळ दिला, आणि जरा घाईने म्हणाले, "ऑफिसात सुलक्षणा मॅडम आहेत. त्यांना मी बोललोय. तेवढं ऑर्डरचं बघून घे." मग त्यांना केळीच्या गाडीचा फोन आला आणि तो फार लांबला.

ऑफिसबाहेरच्या बाकावर समाधान बसला होता. इस्त्रीचा शर्ट त्यानेही घातला होता. हरलो नाही, पण कानाचं काम तर मी चोख केलं होतं, असं सांगून तो नानांकडे जागा मागायला आला होता. नानांनी त्यालाही सुलक्षणा मॅडमकडेच पाठवलं होतं. नवल क्षणभर उभा राहिला. दुसरा बाक नव्हता. तो बसला, मध्ये नारळ ठेवून.

मॅडमनी दोघांना एकदमच आत बोलावलं.

"कशासाठी?"

"शिपायाची ऑर्डर," दोघं म्हणाले.

मॅडमनी चष्म्यावरून पाहिलं. "तुम्हीपण? गेल्या महिन्यात भजनी मंडळाचे दोघे येऊन गेले." त्या उठल्या, कपाटातून एक फाईल काढली, धूळ झटकली आणि एक पत्र उघडून दोघांसमोर सरकवलं. या शाळेतलं शिपायाचं पद रद्द झालं आहे, असं त्यात लिहिलं होतं. पत्र तीन वर्षांपूर्वीचं होतं. खाली, वाचून समजल्याबद्दल, चेअरमन आणि सचिव या दोघांच्याही सह्या होत्या.