विमलबाई आणि पार्टी

मी एक जुना तक्ता आहे, मित्रांनो. भिंतीवर टांगायचा नव्हे, संगणकातला. आडव्या ओळी, उभे रकाने: गाण्याचं नाव, गायक, गायकाचं गाव, साल. अंग एवढंच, पण त्यावर अकराशे गाणी लादलेली. आता पाठ भरून येते.

गेवराईत सुंदररावांचं कॅसेटचं दुकान होतं. ते टेपरेकॉर्डर घेऊन जत्रांतून फिरायचे आणि गौळणी, भारुडं, पाळणे भरून आणायचे. कॅसेटचे दिवस सरले, तेव्हा त्यांच्या सुनेनं, तेजश्रीनं, सगळी गाणी संगणकात उतरवली. हे काम ती कुठल्या शाळेत शिकली नव्हती. भाकरी भाजता भाजता मोबाइलवर बघून तिनं मला घडवलं. सासऱ्यांनी कॅसेटवरचं लेबल वाचायचं, तिनं माझ्यात भरायचं.

सुरुवातीला माझं कौतुक फार झालं. "नाव टाकलं की गाणं हजर! कॅसेटच्या कपाटाला जमलं न्हाई हे कधी," सुंदरराव येईल त्याला सांगायचे. पण मग माझ्यातल्या सदतीस गाण्यांच्या गायिका विमलबाई गेवराई सोडून सिरसाळ्याला राहायला गेल्या आणि त्यांचं गाव माझ्यात सदतीस ठिकाणी बदलायची वेळ आली. एकतीस ठिकाणी बदलून झालं आणि चुलीवर दूध उतू गेलं. तेव्हापासून एकच बाई माझ्या पोटात दोन गावी नांदत होती. मला ते खुपायचं. पण तक्त्याला कोण विचारतं?

एका सकाळी शिवकन्या आली. ऊसतोडीला जाणारी. टोळीचा ट्रक दुसऱ्या दिवशी निघणार होता.

"ताई, माझी आई साखराबाई नारायणगडच्या जत्रंत गायलती. वारली आता. फोटो हाय, आवाज न्हाई. तेवढा मोबाइलात टाकून द्या."

तेजश्रीनं नाव टाकलं. मी अकराशे ओळी धुंडाळल्या. साखराबाई कुठंच नव्हती.

"विमलबाईच्या पार्टीत असंल ती," सुंदरराव म्हणाले.

माझ्या गायकाच्या रकान्यात सदतीस वेळा तेवढंच होतं: विमलबाई आणि पार्टी.

"मामा, बाकीच्या बायांची नावं कावून न्हाई लिहिली?" तेजश्रीनं सासऱ्यांना विचारलं.

"लेबल बोटभर असतंय, पोरी. त्यात पाच बाया कुठं बसवू?"

"जत्रंत बऱ्या बसल्या!"

सुंदररावांनी टोपी काढून डोकं खाजवलं. दोष त्यांच्या एकट्याचा नव्हता. माझ्या बांधणीतच एका गाण्याला एक गायक एवढीच सोय होती.

तेजश्रीनं विमलबाईंना फोन लावला.

"साखरा? अगं, ती माझ्या डाव्या अंगाला बसायची. मी दमले की तीच गाणं वर वढून न्यायची. नाव माझं झालं, गळा तिचा! नारायणगडचा पाळणा ऐक. दुसऱ्या कडव्याला मला ठसका लागलता. पुढं ती एकटीच गायली."

पाळणा लावला. दुसऱ्या कडव्याला ठसका ऐकू आला, आणि एक उंच आवाज न डगमगता एकटाच पुढं गेला. शिवकन्या खुर्चीवरून उठून स्पीकरजवळ खाली बसली. "आईच हाय," म्हणाली. पुन्हा लावा असं ती म्हणाली नाही. तेजश्रीनं आपणहून लावला.

त्याच दुपारी तेजश्रीनं मला मोडायला घेतलं. मोडताना दुखतंच, मित्रांनो. माझे तीन तक्ते झाले. एकात नुसती गाणी. दुसऱ्यात नुसती माणसं, ज्याची त्याची एकच ओळ, गावही एकदाच. तिसऱ्यात फक्त जोड्या: हे गाणं, हे माणूस. पाच जणी गायल्या तर पाच जोड्या. विमलबाई सांगत गेल्या तशा साखराबाईंच्या नावावर अकरा गाणी लागली. ती घेऊन शिवकन्या ट्रकमध्ये बसली.

पण पाळण्यातल्या दोघी विमलबाईंनाही ठाऊक नाहीत. "जत्रंत शेजारी बसल्या अन् गायल्या. नाव इचारायचं राहिलं." तेजश्रीनं त्यांच्याही ओळी केल्या आहेत. क्रमांक आहे, गाणं जोडलेलं आहे, नावाचा रकाना मोकळा आहे.

मी थकलोय, मित्रांनो. एवढंच करा. घरात कुणी म्हातारी काम करता करता गुणगुणत असेल, तर नारायणगडला ती कधी पाळणा गायली होती का, ते विचारा. हो म्हणाली, तर तिचं नाव गेवराईला कळवा. तिची ओळ धरून ठेवली आहे.