डाव्या हाताची चहादाणी

भट्टी थंड व्हायच्या आत किहाची गेले. आग विझल्यावर पुरती निवल्याशिवाय दार उघडायचं नाही, हा त्यांचाच नियम. ती निवत असताना सकाळी अंगणातल्या नळाशी हात धुवायला म्हणून ते वाकले, तसेच खाली बसले आणि पुन्हा उठले नाहीत. त्यानंतर भट्टीला कुणी हात लावला नव्हता. त्यांची बायको तोकिए तेवढी रोज सकाळी तिच्यावरून फडकं फिरवायची, पण दार बंदच. एकोणपन्नासाव्या दिवसाचे विधी उरकले की शेजारचे कुंभार इनाबा माल बाहेर काढतील, असं तिनं परस्पर ठरवून टाकलं होतं.

आत काय आहे ते आपल्या एकटीलाच ठाऊक आहे, असं किहाचींच्या मुलीला, मिसाओला, वाटत होतं.

किहाची फोनवर नेहमी ओरडून बोलत, जणू मिसाओचं नागोया समुद्रापलीकडे आहे. पण थंडी सरता सरता एकदा त्यांनी फोन केला तो कुजबुजत. आईचं उजवं मनगट आता वळत नाही, म्हणाले. भरलेली चहादाणी दोन्ही हातांनी उचलते, आणि मला दिसत नाही असं समजते. म्हणून एक डाव्या हाताची केली आहे, दांडा तोटीच्या उजवीऐवजी डावीकडे. तिला बोलू नकोस.

अडलं होतं झाकणापाशी. तोकोनामेत, म्हणजे त्यांच्या गावात, चहादाणी आणि तिचं झाकण एकावर एक ठेवूनच भाजतात. मग कुरुंदाची पूड आणि पाणी घालून झाकण त्याच्याच तोंडावर फिरवत राहायचं, मधून वारासुद्धा जाणार नाही इतकं. या घरात घडवायचं ते किहाचींनी आणि घासायचं ते तोकिएनं, लग्न होऊन आल्यापासून. भट्टीतून निघालेली प्रत्येक चहादाणी आधी तिच्या मांडीवर जायची.

"तिची भेट तिच्याकडूनच घासून घेऊ होय?" किहाची म्हणाले. "तू ये. लहानपणी घासायचीस की."

मिसाओ हो म्हणाली. ती शिकवायची त्या शाळेचं नवं वर्ष एप्रिलमध्ये सुरू होत होतं, वर्ग नवा होता. मेमधल्या सुट्टीत येते म्हणाली. सुट्टीत सहकाऱ्यांबरोबर डोंगरावर जायचं ठरलं, तेव्हा पुढच्या महिन्यात नक्की, म्हणाली. किहाचींनी तेवढ्यावरही भट्टी लावून ठेवली. म्हणाले, तू येईपर्यंत निवेल.

विधीच्या आदल्या दिवशी तोकिए देवळात भटजींशी बोलायला गेली आणि मिसाओनं भट्टीचं दार उघडलं. आत तांबड्या चहादाण्या ओळीनं बसल्या होत्या, अंगावर बारीक धूळ धरून. बाबांची लाकडी दांडी खुंटीवरच होती. भाजताना चिकटलेल्या पहिल्या झाकणाच्या कडेवर तिनं ती हलकेच मारली तसं ते सुटलं. दुसरं सुटलं. तिसरंही. हात अजून विसरलेले नाहीत हे पाहून तिला कितीतरी दिवसांनी बरं वाटलं. चहादाणी फळीवर, झाकण धुवायला पाण्याच्या बादलीत. अशी लय लागली की मधलीच एक फळीवर टेकवताना तिचा दांडा मनगटाला भलतीकडून लागला, तेव्हा कुठे ती थांबली. हीच ती. झाकण तोवर बादलीत गेलं होतं, आणि त्याच्याआधीची सगळी तिथेच होती.

झाकण आपल्या भांड्यापासून दूर होऊ द्यायचं नाही, हे तिला अक्षरओळखीच्या आधी शिकवलेलं होतं. तोकिए तर सुटल्याबरोबर दोऱ्यानं बांधून टाकायची. मिसाओ बादलीकडे बघत राहिली. तांबडी झाकणं तळाशी एकमेकांवर पडली होती, बहिणीबहिणींसारखी.

तिनं एकेक लावून पाहिलं. बरीच तर बसलीच नाहीत. तीन बसली, त्यातलं एक जरा बरं. थांबायला हवं होतं. पण आई कुठल्याही क्षणी येईल, आणि उद्या देव्हाऱ्यापुढचा चहा याच चहादाणीतून व्हावा, हे तिनं गाडीत बसल्यापासून मनाशी धरलं होतं. तिनं पूड टाकली, पाण्याचे थेंब सोडले आणि घासायला बसली. खर्र, खर्र. या आवाजावर ती लहानपणी झोपत असे. थोड्या वेळानं झाकण घट्ट वाटायला लागलं. चहादाणीत पाणी भरून तिनं झाकणाचं भोक बोटानं दाबलं आणि तोटी खाली केली. झाकण नीट बसलं असेल तर धार थांबते. धार थांबली नाही. झाकणाखालूनही पाणी निघालं आणि तिच्या मनगटावरून कोपराकडे ओघळलं. तिनं आणखी घासलं. जितकं घासावं तितकं ते सैल होत गेलं.

दारात तोकिए उभी होती, हातात भाताच्या वड्यांची पिशवी. किती वेळ उभी होती कोण जाणे.

"कोणाची ती?"

"तुझी," मिसाओ म्हणाली.

तोकिएनं पिशवी खाली ठेवली आणि न सांगता डावा हात पुढे केला. दांडा तिच्या मुठीत गेला आणि बसला. तिनं चहादाणी दोनतीनदा रिकामीच ओतून पाहिली. मग बादलीत हात घालून एक झाकण काढलं, कडेवरून अंगठा फिरवला, परत टाकलं. दुसरं काढलं, तेही टाकलं. तिसरं तिनं तोंडावर ठेवलं. ते आत गेलं, पण हलवल्यावर खुळखुळलं.

"हे होतं हिचं."

"मग हेच घेऊ."

"आता हेही नाही. तोंड मोठं झालं ना घासून."

आवाजात राग नव्हता. मिसाओ म्हणाली, इनाबाकाकांना नवीन झाकण करायला सांगू.

"सोबत भाजलेली नाहीत ती, मिसाओ. नंतरचं झाकण म्हणजे दुसऱ्याची कवळी. तोंडात राहते, पण चावता येत नाही." तोकिए उलट्या घमेल्यावर बसली. "मला विचारायचंस तरी."

"बाबा म्हणाले होते, तुला कळू द्यायचं नाही."

"ह्यांचं काही कळायचं राहतंय होय? महिनाभर फडक्याखाली डावा दांडा वाळत होता. माझं मनगट गेलंय, डोळे नाही." तिनं झाकण पुसलं, पुन्हा पुसलं. "भट्टी उघडली की मीच घासून ठेवणार होते एखाद्या रात्री, हे झोपल्यावर. म्हटलं नको. तू येणार होतीस."

दुसऱ्या दिवशी भटजींचं पठण झालं, पाहुण्यांचं जेवण झालं. देव्हाऱ्यापुढचा चहा तोकिएनं नव्या चहादाणीतूनच ओतला, डाव्या हातानं. मिसाओ शेजारी बसून झाकण बोटांनी दाबून धरत होती. तरीही एक ओघळ आलाच. नातेवाइकांना वाटलं, ही इथली काही रीत असेल. इनाबांनी पाहिलं आणि नजर आपल्या कपात घातली.

निघायच्या सकाळी मिसाओ स्वयंपाकघरात आली तेव्हा तोकिए चहा ओतत होती. चहादाणी जुनीच होती, उजव्या हाताची. एक हात दांड्याला, दुसरा चहादाणीच्या पोटाखाली, मध्ये चटका लागू नये म्हणून दुमडलेलं फडकं. नवी देव्हाऱ्याच्या खालच्या फळीवर होती, झाकण दोऱ्यानं बांधलेलं.

"ती का नाही घेतलीस?"

"तिला दोन माणसं लागतात," तोकिए म्हणाली. "तू आलीस की काढू."

कधी येईन ते सांगायला मिसाओनं तोंड उघडलं, आणि मिटलं. तोकिए दोन्ही हातांनी चहादाणी उलटी धरून होती, शेवटचा थेंब पडण्याची वाट बघत. तो मागे राहिला तर पुढचा चहा कडू होतो.