मनोरा न चढलेली खुर्ची

मी एक जुनी चाकांची खुर्ची आहे. शहराच्या मोठ्या संग्रहालयात, तिकीटखिडकीशेजारी माझी जागा. समोर रस्त्यापलीकडे उंच दगडी मनोरा. त्याला तीनशे पायऱ्या आहेत. म्हणून ज्यांचे गुडघे कुरकुरतात, त्यांना घरचे लोक माझ्याकडे आणतात.

मित्रांनो, कारखान्यातून आले तेव्हा माझा थाट काय वर्णावा! चकचकीत दांडे, निळी बैठक. लोक म्हणायचे, "किती सोय झाली!" पुढे बैठक फाटली, डावे चाक कुंई कुंई करू लागले. तेल घालायची आठवण कुणाला होईना. त्याचे मला वाईट वाटले, पण खरे दुःख निराळेच होते. माझ्यात बसलेली बहुतेक माणसे दाराशी एकदा मान वळवून मनोऱ्याकडे बघत. मीही बघे. मला तिथे जायची फार ओढ होती.

एकदा एक मुलगी आपल्या वडिलांना घेऊन आली. ते म्हातारे पाथरवट होते. उभा जन्म दगड घडवण्यात गेलेला. परतीच्या बसला दीड तास होता.

"बाबा, मनोरा काही तुम्हाला झेपायचा नाही. आपण आपलं संग्रहालयच बघू," मुलगी म्हणाली.

"बरं," ते म्हणाले आणि बसले.

तलवारी, नाणी, मूर्ती, कशातच त्यांचे लक्ष लागेना. एका भिंतीचा सांधा पाहून मात्र म्हणाले, "हा कुणी बसवला? पट्टीने फोडून काढायला हवं त्याला!" लिफ्टने तिसऱ्या मजल्यावर गेलो, तेव्हा तिथल्या खिडकीपाशी त्यांनी माझे चाक हाताने धरले. समोर मनोरा होता.

"वरच्या सज्ज्याचा डावा कोपरा दिसतोय? डागडुजीच्या वेळी तो दगड मी बसवलाय. तू जन्मायच्या आधी. एकदा हात लावायचा होता."

"अहो, मग खालीच का नाही बोललात?"

"विचारलं कुठे कुणी? थेट खुर्चीत बसवलंत."

मुलीने घड्याळ पाहिले. मग म्हणाली, "बाबा, इथून हलू नका." आणि धावत सुटली.

आम्ही दोघे वाट पाहत राहिलो. त्यांनी माझे हात घट्ट धरले होते. त्या घटकेला मला पाय असते तर, असे फार फार वाटले. बऱ्याच वेळाने सज्ज्यात तिची पिवळी ओढणी दिसली. कोपऱ्याशी जाऊन तिने दोन्ही तळवे दगडावर टेकवले आणि खिडकीकडे पाहिले. बाबांनी हात उंचावला. तिला तो दिसला की नाही, कोण जाणे. ते रडत होते.

ती धापा टाकत परतली. "बाबा, जोर लावून बघितला. जराही हलत नाही हो तुमचा दगड!"

"हलेल कसा?" ते हसले आणि तिचे धुळीने माखलेले तळवे हातात घेऊन बसले. बस चुकते की काय, याची दोघांनाही शुद्ध नव्हती.

मित्रांनो, मला तेल घाला, माझी बैठक शिवा, मी दुवा देईन. पण आणखी एक मागते. खुर्ची ढकलणारा मागे उभा असतो. त्याला बसलेल्याचा चेहरा दिसत नाही. म्हणून ढकलण्याआधी एकदा पुढे या, खाली वाका आणि विचारा, "कुठे जायचंय तुम्हाला?"