आधी मीठ द्या!

मी एक जुना जंतू आहे. झाले, मुरडलेत ना नाक? खुशाल मुरडा! मित्रांनो, मला त्याची सवय आहे.

माझा जन्म बंदराच्या काळ्या चिखलातला. बोटींमधून सांडलेले तेल तिथे वर्षानुवर्षे साचत होते. मासे पळाले, खेकडे पळाले. आम्ही मात्र पाय नसतानाही पाय रोवून राहिलो. भूक लागली तेव्हा तेच तेल खायला शिकलो.

एकदा एक संशोधक ताई गुडघाभर चिखलात उतरली आणि आम्हाला बाटलीत भरून प्रयोगशाळेत घेऊन आली. समुद्राच्या पाण्यात कालवलेला खाऊ घालून तिने मला काचेच्या बशीत वाढवले. मी नारिंगी ठिपका होऊन उगवलो, तेव्हा ती म्हणाली, "काय देखणा आहेस रे!" असे मला आजवर कुणीच म्हटले नव्हते.

मग परीक्षा आली. माझे काही भाऊबंद तिने काचेच्या चंबूत सोडले आणि वर डिझेलचा थर दिला. पण आतले पाणी नेहमीच्या सवयीने केलेले, मातीतल्या जंतूंना चालते तसे, बिनमिठाचे! समुद्रातले जीव ते. पोटे फुटून मेले. डिझेल तसेच तरंगत राहिले.

"नुसता दिसायला देखणा, कामाचा नाही," प्रयोगशाळेचे मोठे सर म्हणाले. "जेवण झालं की बशीसकट उकळून टाक."

मला असा संताप आला! चोर सोडून संन्याशाला फाशी! पण ओरडायला मला तोंड कुठे आहे?

शेजारच्या खोलीत दोघांनी डबे उघडले. ताईने आपली भाजी सरांपुढे सरकवली.

"अगं, अळणी झालीय ही!"

"आज ह्यांनी केलीय. मीठ विसरले असतील..." ताईचा घास हातातच राहिला. "सर, मीठ! मीपण तेच विसरले!"

हात धुवून ती धावतच आली. खारट पाण्याचा नवा चंबू भरला आणि मला त्यात सोडले. मी तुटून पडलो. दिवसागणिक थर विरत गेला, फाटला, नाहीसा झाला. सर पुन्हा पुन्हा चष्मा पुसून बघत होते.

"पठ्ठ्या निघाला की हा!"

आता माझे कौतुक होते. काही शहाणे म्हणतात, "सांडू दे तेल, जंतू आहेत ना खायला!" खबरदार! मी तुमचा नोकर नाही. तुम्ही एका दुपारी सांडता, ते निस्तरताना माझ्या पिढ्यान् पिढ्या खपतात.

मी खाल्ल्या मिठाला जागलो. मित्रांनो, त्याच समुद्राचे मीठ तुमच्याही ताटात आहे. तुम्ही कधी जागणार?